पात्यावरची आयत आणि हृदयावरचा गंज



राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी, भोर-वेल्ह्याच्या मुलखात राहणाऱ्यांना तलवारीचे मोल सांगावे लागत नाही. ‘शिकलगार’ हा शब्दही आपल्या ओळखीचा. अरबी ‘सैकल’, म्हणजे झिलई, यावरून तो आला. गंजल्या पोलादाला पुन्हा तेज आणणारा, तो शिकलगार.

जुन्या तलवारी जमवून त्या दुरुस्त करणाऱ्यांना उस्मानी तुर्कांच्या तलवारींचे विशेष आकर्षण असते, कारण अनेक पात्यांवर सोन्याने आयती लिहिलेल्या असतात. पोलादावर बारीक चरे पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवण्याची ‘कोफ्तगरी’ आपल्याकडेही होती. हे सोने वरवरच असते. घाईने घासले, तर गंजाबरोबर अक्षरही जाते. म्हणून जाणता कारागीर तेल लावून, धीराने गंज सोडवतो.

हा छंद व्यर्थ आहे काय? नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या तलवारीच्या मुठीला चांदी होती, असे ह. अनस (र.) सांगतात. वारसा जपणे आणि आयतीचा आदर राखणे चांगलेच. प्रश्न त्यापुढचा आहे.

पात्यांवर वारंवार आढळते ती सूरह अस्-सफ्फची तेरावी आयत. तिच्यात अल्लाहच्या मदतीचे आणि नजीकच्या विजयाचे वचन आहे. परंतु याच सूरहच्या आरंभी अल्लाह श्रद्धावंतांना विचारतो, की जे करत नाही ते बोलता कशाला? वचन कोरून घ्यायला सारे उत्सुक. हा प्रश्न कोण कोरून घेतो?

कुरआनने गंज हृदयालाही लागतो असे सांगितले आहे, आणि तो माणसाच्या स्वतःच्या कृत्यांचा असतो. हा उल्लेख ज्या सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये येतो, तिचा आरंभ मापात मारणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होतो. म्हणजे या गंजाची सुरुवात रणांगणावर नव्हे, तराजूपाशी होते. समजा, दुकानाच्या भिंतीवर आयत कोरलेली तलवार लखलखते आहे आणि खाली तांदूळ तोलताना काटा झुकतो आहे. मग गंज नेमका कुठे चढला?

आपल्या घरात जुने पाते असेल, तर ते अवश्य जपा. मात्र ते पुसताना आज दिलेला शब्द पाळला काय, माप पुरे दिले काय, हेही स्वतःला विचारा. तौबा हीच आपली झिलई. तिलाही धीर लागतो आणि ती रोज करावी लागते.

अल्लाह आपली हृदये स्वच्छ ठेवो. आमीन.