परक्या गावी आपले खरे रूप



२०१९ साली इंडोनेशियातील बाली बेटावरचा एक व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिला असेल. एका भारतीय कुटुंबाच्या बॅगा उघडून हॉटेलचे कर्मचारी हॉटेलच्याच वस्तू एकेक करून बाहेर काढत होते आणि कुटुंबातील लोक ‘पैसे देतो’ म्हणत होते. पाहणाऱ्यांनी नावे विचारली नाहीत. सगळे एवढेच म्हणाले, ‘भारतीय असे वागतात!’

हे परदेशातच घडते, असे समजू नका. आमच्या जबलपूरचेच पाहा. भेडाघाटचे संगमरवरी खडक आणि धुआँधार पाहून पर्यटक संध्याकाळी बडा फुहाऱ्याच्या बाजारात येतात. अरुंद रस्ता अडवून फोटो काढतात, खाऊन झालेले द्रोण तिथेच टाकतात. दुकानदाराला आपली भाषा कळत नाही, असे धरून त्याच्या समोरच मराठीत त्याची टिंगल करतात. पण १८१७ पर्यंत या भागावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि मराठी माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. शेजारी उभ्या असलेल्या काकूंना ती टिंगल शब्दन्‌शब्द कळते. मान खाली जाते ती त्यांची.

असे का होते? आपल्या गल्लीत आपल्याला नाव असते. शेजारी काय म्हणतील, वडील काय म्हणतील, याचा धाक असतो. परगावी तो धाक सुटतो. मग आतून ठरवा, आपला सदाचार खरा होता की नुसता धाक होता? जिथे आपल्याला कोणीही ओळखत नाही, तिथे आपण जसे वागतो, तेवढीच आपली साधना. बाकी सारा सराव आहे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. हिशेबाच्या पुस्तकात ‘ख्याती’ नावाची एक संपत्ती असते. ती हातात धरता येत नाही, तरी तिचे मोल असते. समाजाचीही अशी ख्याती असते. प्रत्येक प्रवासी त्या खात्यात काही जमा तरी करतो, नाहीतर नावे टाकतो. मागून येणाऱ्याला शिल्लक मिळते ती तीच.

ही ख्याती कशी कमवावी, हे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याकडून शिकावे. १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी त्या अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतील कारपेंटर कुटुंबात राहिल्या. त्यांनी आपला पोशाख सोडला नाही, आहार बदलला नाही, पण त्या घराला आपलेसे केले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेत पाठवण्यात आल्या आणि कारपेंटर कुटुंबाने त्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. परक्या देशातील पाहुणी त्या घरची लेक झाली होती.

आपल्याजवळ नर्मदा परिक्रमेचीही शिकवण आहे. परिक्रमावासी अनोळखी गावांतून जातो, मिळेल ते अन्न प्रसाद मानून खातो, गरजेपुरतेच घेतो, मैयाच्या पाण्यात साबण लावत नाही. वाटेतल्या प्रत्येकाला ‘नर्मदे हर’ म्हणतो. तो पाहुणा म्हणून चालतो, म्हणूनच दारे उघडतात.

तर पुढच्या सहलीला, यात्रेला किंवा परदेशी निघताना तीन संकल्प बॅगेत ठेवा. जिथे उतरलो, ती जागा आलो तेव्हापेक्षा स्वच्छ सोडून जाईन. तिथली भाषा, अन्न आणि माणसे यांना हसणार नाही. निघताना ज्याने सेवा केली, त्याला हात जोडून धन्यवाद देईन. मुलांना उपदेश करू नका. ती आपल्याकडे पाहत असतात, तेवढे पुरे.

आपण निघून गेल्यावर त्या गावाने आपली आठवण काढावी आणि पुन्हा या म्हणावे. याहून मोठा प्रवास नाही.