अर्जुन आधी बोलला

कर्जत स्टेशनजवळच्या भिसेगावातून मुंबईला नोकरीला जायचे तर लोकलचे सुमारे १०० किलोमीटर. रात्री परतलेल्याला घरचे विचारतात, "काय झालं?" उत्तर येते, "काही नाही, डोकं दुखतंय." तो लपवतोच असे नाही. बॉस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निऑस यांनी १९७०च्या दशकात असे रुग्ण नोंदवले: दुखणे सांगता येते, भावना ओळखता येत नाही.

मग हे गप्प राहणे म्हणजे गीतेतले समत्व का?

स्थितप्रज्ञाची लक्षणे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतात. पहिल्यात अर्जुन आपली अवस्था सांगतो. तोंडाला कोरड पडली आहे, अंग कापते आहे, गांडीव हातातून निसटते आहे. तो तिथेच थांबत नाही, कारणही सांगतो: समोर आपलीच माणसे उभी आहेत. कृष्ण त्याला सुनावतो खरा, पण सगळे ऐकून घेतल्यावर! तुकोबा तर थेट विठ्ठलाशी भांडले. निर्विकार चेहऱ्याला शांती समजणे ही गीतेची शिकवण नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाच्या ताणातून येणाऱ्या थकव्याला, आजार न म्हणता नोकरीशी निगडित स्थिती म्हटले. म्हणजे जाब एकट्या कर्मचाऱ्याला विचारता येत नाही. कृष्णाने अर्जुनाचे ऐकले, तसे वरिष्ठाने त्याचे किती ऐकले, हेही पाहावे लागते.