नवे जीवविज्ञान आणि वर्गातील वाद

शालेय वक्तृत्वस्पर्धांत 'विज्ञान : शाप की वरदान' हा विषय आमच्या किमान तीन पिढ्यांनी ऐकला आहे. दोन्ही बाजूंची भाषणे तयार असत. एका बाजूला हिरोशिमा, दुसऱ्या बाजूला पेनिसिलीन. आणि बक्षीस बहुधा ज्याचा आवाज खणखणीत, त्याला मिळे. त्या विषयाने मुलांना सभाधीटपणा दिला, हे उपकार मान्यच केले पाहिजेत. मात्र त्या वादात एक मोठी सोय होती. शाप किंवा वरदान ज्याच्या वाट्याला यायचे, तो मनुष्य सभागृहात बहुधा नसे. नव्या जीवतंत्रज्ञानाने ही सोय काढून घेतली आहे. आता ज्याच्याविषयी बोलायचे तो वर्गातल्याच एखाद्या बाकावर बसलेला असू शकतो, आणि तो तिथे आहे हे कोणालाही, कित्येकदा त्याला स्वतःलाही, ठाऊक नसते. अशा वर्गात नीतीचा वाद कसा घालावा, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न आम्हांला गोत्रीच्या संदर्भात सुचला. एके काळी शहराच्या पश्चिमेचे वेगळे गाव असलेली गोत्री आता बडोद्यातच मिसळून गेली आहे. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा येथील वाडे सोडून आमच्यापैकी अनेक कुटुंबे त्या बाजूच्या सोसायट्यांत राहावयास गेली. तेथे शाळा आहेत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. शाळांच्या विज्ञानवर्गांत मराठी, गुजराती, सिंधी, लोहाणा आणि पूर्वेकडील पट्ट्यातून शहरात स्थिरावलेल्या आदिवासी घरांतील मुले शेजारी शेजारी बसतात. बारावीच्या जीवशास्त्रात ती सिकलसेलचा आजार शिकतात, गर्भजल परीक्षेचा दुरुपयोग शिकतात, आणि जैवतंत्रज्ञानाच्या प्रकरणाच्या शेवटी 'नैतिक प्रश्न' या मथळ्याखालचा लहानसा भागही वाचतात. परीक्षेत त्यावर दोन-तीन गुणांचा प्रश्न येतो आणि तेवढ्या ओळी पाठ होतात. आमच्यापैकी ज्यांचे आयुष्य फळ्यापुढे गेले, त्यांना हे नवीन नाही.

यांतले सिकलसेलचेच उदाहरण घेऊ. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. जनुकातील एकाच अक्षराची ही चूक. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडून आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती 'वाहक' ठरते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. इतकेच काय, वाहकाला घातक मलेरियापासून काही संरक्षण मिळते आणि म्हणूनच हे जनुक मलेरियाच्या मुलखात टिकून राहिले. छोटा उदेपूर, नर्मदा, तापी येथपासून नंदुरबार, गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात त्याचे प्रमाण मोठे आहे. आजाऱ्याच्या अंगी जो दोष दिसतो, तोच त्याच्या पूर्वजांना जगवणारा गुण होता, हे जीवशास्त्राने शिकवले तर नीतीच्या वादाचे अर्धे काम झाले असे समजावे.

गुजरात राज्याने 2006 पासून या आजाराचा नियंत्रण कार्यक्रम चालवला. 1 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करावी आणि 2047 पर्यंत या आजाराचे उच्चाटन करावे, असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर प्रत्येकाला एक कार्ड मिळते. लग्नापूर्वी दोघांची कार्डे पाहावीत, कुंडली जुळवतात तशी ती जुळवावीत, असे लोकांना सांगितले जाते. वर्गातला खरा प्रश्न येथे सुरू होतो : दोन वाहकांनी एकमेकांशी लग्न करू नये, असे त्यांना सांगावे काय?

एक बाजू सरळ आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत चारांपैकी एक शक्यता आजारी मूल होण्याची असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याच्या वेळची शक्यता कमी होत नाही. वाहकाने वाहक नसलेला जोडीदार निवडला तर हा आजार असलेले मूल होणारच नाही. एका साध्या रक्ततपासणीने एका बालकाची जन्मभराची यातना टळत असेल, तर ती न करणे हाच अपराध नव्हे काय? या युक्तिवादाचे वजन नाकारता येत नाही.

दुसरी बाजू इतिहासाने शिकवली आहे. अमेरिकेत 1970 च्या दशकात कृष्णवर्णीयांची सिकलसेलसाठी तपासणी झाली. हेतू चांगला होता. परंतु वाहक आणि रुग्ण यांतील भेद लोकांना समजावला गेला नाही. धडधाकट वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. तेथील वायुसेनेच्या अकादमीचे दार त्यांना 1981 पर्यंत बंद होते. आपल्याकडे तर कार्डाला थेट कुंडलीचीच उपमा दिलेली. मंगळाच्या मुलीचे काय होते, हे आमच्या घरांना कोणी सांगावयास नको. कुंडलीचा दोष जितका मुलीच्या माथी बसतो तितका मुलाच्या बसत नाही. कार्डाचा रंगही तसाच तिच्या माथी बसला, तर विज्ञानाने एका जुन्या अन्यायाला नवे प्रमाणपत्र दिल्यासारखे होईल.

मग कार्ड फाडून टाकावे काय? तसेही नाही. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर थॅलॅसेमिया या अशाच आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण फार मोठे होते. तेथील चर्चने 1983 पासून विवाहापूर्वी तपासणीचा दाखला आवश्यक केला. त्या दाखल्यावर लग्नास मनाई लिहिलेली नसे. तपासणी झाली आणि सल्ला मिळाला, एवढेच त्यात असे. पुढे थॅलॅसेमिया असलेल्या बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. आणि तरीही जी जोडपी दोन्ही बाजूंनी वाहक निघाली त्यांतील बहुतेकांनी लग्ने मोडली नाहीत. त्यांनी गर्भावस्थेतील निदानाचा मार्ग घेतला. तपासणी तीच, समाजाने ती कशी हाताळली यावर ती आधार ठरली किंवा कलंक ठरली. आणि थॅलॅसेमिया तर दूरचा आजार नाही. सिंधी, लोहाणा, भानुशाली या समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. म्हणजे गोत्रीच्या वर्गात हा प्रश्न 'त्या आदिवासींचा' उरत नाही. तो शेजारच्या बाकाचा होतो.

गर्भावस्थेतील निदान म्हटले की आणखी एक इतिहास समोर उभा राहतो. गर्भजल परीक्षा आपल्या देशात 1970 च्या दशकात आली ती आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी. थोड्याच वर्षांत ती मुलींचे गर्भ ओळखण्याचे साधन झाली. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये झाला आणि 2003 मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरी 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे गुजरातेत 883 आणि महाराष्ट्रात 913 मुली होत्या. 2011 मध्ये गुजरातेत हा आकडा 890 वर आला आणि महाराष्ट्रात 894 पर्यंत घसरला. ज्या दोन प्रांतांना आम्ही आपले म्हणतो, त्या दोन्हींची ही कथा आहे. विशेष हे की डांगसारख्या आदिवासी जिल्ह्यात मुलींचे प्रमाण सुखवस्तू जिल्ह्यांहून चांगले होते. शिकल्याने तंत्र वापरता येते. ते कशासाठी वापरावे याचा विवेक शिक्षणाने आपोआप येतो असे दिसत नाही. तो विवेक वर्गात वेगळा शिकवावा लागतो, याचा याहून कठोर पुरावा कोणता द्यावा?

आता जनुकसंपादनाचे युग आले आहे. रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी काढून, त्यांच्या जनुकात दुरुस्ती करून त्या परत देण्याच्या सिकलसेलवरील उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठेवली गेली. दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेतील आपले शास्त्रज्ञ हा उपचार स्वस्त व्हावा म्हणून काम करीत आहेत. हा बदल एका रुग्णाच्या शरीरापुरता राहतो. गर्भाच्याच जनुकात बदल केला तर तो पुढच्या पिढ्यांत उतरतो. चीनमध्ये तसे करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचे हे ज्यानकुई या शास्त्रज्ञाने नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर केले. पुढच्या वर्षी त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. पहिल्या प्रकारात 'परवडेल कोणाला?' हा प्रश्न मोठा. दुसऱ्यात 'संमती कोणाची?' हा. दोन्हींना एकाच 'शाप की वरदान'च्या तराजूत घातले, तर दोन्ही प्रश्न हरवतात.

म्हणून वर्गातील वादाला आम्ही तीन साध्या अटी सुचवू. वादाआधी वस्तुस्थिती नीट शिकवली जावी. वाहक आणि रुग्ण यांतील फरक ज्याला सांगता येत नाही, त्याने मत देऊ नये. दुसरी अट, अर्ध्या वेळेनंतर प्रत्येकाने बाजू बदलावी, म्हणजे समोरच्याच्या युक्तिवादातले सत्य त्याला स्वतःच्या तोंडून ऐकू येईल. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची : जे वाक्य कार्ड हाती असलेल्या मुलीच्या देखत उच्चारता येणार नाही, ते उच्चारू नये. कारण ती तेथे असू शकते. या अटीने बोलणे बोटचेपे होईल, खरे मतभेद दबतील, असा आक्षेप येईल. आमचा अनुभव वेगळा आहे. माणूस समोर आहे असे जाणवले की बोलणे मुद्द्याला धरून होते. 'अशा लोकांनी मुले होऊ देऊ नयेत' असले वाक्य गळून पडते आणि 'अशा दांपत्याला कोणती माहिती, कोणते उपचार आणि किती मोकळीक आपण देतो?' हा अवघड प्रश्न उरतो.

बडोद्याला हा मार्ग अपरिचित नाही. या संस्थानात कायद्याला 'निबंध' म्हणत. सयाजीराव महाराजांनी 1904 मध्ये बालविवाहास प्रतिबंध करणारा निबंध केला, तेव्हा विवाहासारख्या घरच्या गोष्टीत राज्य शिरले म्हणून नाराजी झालीच. दंड भरून लग्ने लावण्याचे प्रकार पुढेही पुष्कळ झाले. पण 1906 मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात लागू झाले, आणि मुली शाळेत जाऊ लागल्या, तेव्हा त्या निबंधाला घरातूनच साक्षीदार मिळू लागले. कार्डाचेही असेच होईल असे आम्हांला वाटते. सरकार ते वाटू शकेल. ते वाचावे कसे, हे वर्गातच शिकावे लागेल.

शेवटी आमच्या घरांविषयी. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आमच्या अनेक जातींत पिढ्यान् पिढ्या चालत आली. गुजराती शेजाऱ्यांना ती नेहमीच चमत्कारिक वाटली, आणि आम्ही ती कौतुकाने सांगत आलो. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या विवाहात जन्मजात विकारांचा धोका सर्वसाधारण प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट होतो, हे त्याच बारावीच्या शास्त्रावरून निघते. बहुतेक अपत्ये निरोगीच जन्मतात, हेही तितकेच खरे. हे दोन्ही एकत्र सांगण्याचे धैर्य आम्हांला आपल्या दिवाणखान्यात दाखवता आले, कोणा आजीला दोष न देता आणि कोणा नातीपासून काही न लपवता, तर छोटा उदेपूरच्या मुलीने लग्नाआधी आपले कार्ड दाखवावे की नाही, यावर मत देण्याचा थोडासा अधिकार आम्हांला येईल.