विळ्याच्या आकाराचा धडा

तळोद्याच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्यापासून वर धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपर्यंत, ‘सिकलसेल’ हा शब्द फारसा समजावून सांगावा लागत नाही. भिल्ल आणि पावरा समाजातल्या अनेक घरांनी तो सोसला आहे : सांध्यांतल्या कळा, पुन्हा पुन्हा चढवावे लागणारे रक्त, लेकराची बुडालेली शाळा. रक्त तपासल्यावर कोणी ‘वाहक’ निघते, कोणी ‘रुग्ण’. मूल तो कागद वाचते आणि त्याला पहिला प्रश्न पडतो : हे माझ्याच रक्तात का आले?

या प्रश्नाचे उत्तर उत्क्रांतीच्या धड्यात आहे. म्हणूनच तो धडा शाळेत असावा की नसावा, हा वाद तळोद्याने परका मानू नये.

अमेरिकेत हा वाद कोर्टात गेला. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने २००४ साली ठरवले की, नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात डार्विनच्या सिद्धांतावर शंका घेणारे निवेदन वाचावे आणि ‘बुद्धिमान रचना’ हा पर्याय मुलांना सुचवावा. सजीव इतके गुंतागुंतीचे आहेत की त्यांच्यामागे कोणी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, असे हे मत. पालकांनी दावा लावला. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला : हे विज्ञान नव्हे, धर्ममत आहे, सरकारी शाळेच्या विज्ञानवर्गात त्याला जागा नाही.

आपल्याकडे वादाने दुसरे वळण घेतले. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही आणि अभ्यासक्रम बदलला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढले. पुढे एनसीईआरटीने अभ्यासाचा भार हलका करण्याचे कारण देत दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणात केवळ आनुवंशिकता उरली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहे, असे उत्तर मिळाले. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी मुले किती? बहुतेकांसाठी दहावीचे पुस्तक हेच विज्ञानाचे शेवटचे पुस्तक असते.

आता त्या रक्ताकडे वळू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, एवढाच हा बदल. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी ताठरते, विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. एरवी १२० दिवसांच्या आसपास जगणारी पेशी दहा-वीस दिवसांत मरते. असा घातक बदल पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? पूर्व आफ्रिकेत अभ्यास करणाऱ्या अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली उत्तर दिले : हिवतापामुळे. सदोष जनुकाची एकच प्रत मिळालेले, म्हणजे वाहक असलेले, मूल तीव्र हिवतापातून वाचण्याची शक्यता अधिक असते. हिवतापाच्या प्रदेशात अशी मुले जगली, मोठी झाली आणि त्यांनी ती प्रत पुढे दिली. नैसर्गिक निवड ती हीच. तिची किंमत मात्र दोन्ही प्रती मिळालेल्या मुलाला मोजावी लागते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते.

रचनाकाराचे गृहीतक इथे काय सांगेल? विळा हेतूने घडवला असेल, तर त्या लेकराच्या कळाही हेतूनेच दिल्या, असे त्याच्या आईला सांगावे लागेल. उत्क्रांती असे कोणालाच दोषी धरत नाही. हा शाप नाही, कोणाची करणी नाही, कुळाचा डाग नाही. तुझे पूर्वज ज्या तापातून तगले त्याची ही खूण आहे, असे ती सांगते. डाकिणीच्या संशयाने बायकांचे जीव जिथे धोक्यात आले, त्या भागात या एका वाक्याचे मोल फार मोठे आहे.

यात श्रद्धेवर घाला नाही. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला जाऊन याहामोगी देवीपुढे हात जोडणारे मूल सिकलसेलही समजून घेऊ शकते. समाजाच्या उत्पत्तिकथा भाषेच्या, संस्कृतीच्या तासाला मानाने सांगाव्यात. विज्ञानाच्या तासाला रचनाकार आणलाच, तर तो कोणाचा? याहामोगीच्या लेकरांचा की ज्याच्या हाती पुस्तक आहे त्याचा? दुबळ्यांच्या कथेला तिथे जागा मिळत नसते. पुरावा मात्र सगळ्यांना सारखा तपासता येतो.

आपल्या राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात सिकलसेल आहे, दहावीच्या पुस्तकाचा दुसरा भाग ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठानेच सुरू होतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. हा पाठ गाळू नये, ही बालभारतीला विनंती. आणि तळोद्याच्या शिक्षकांना सांगणे एवढेच : नववीचे ते पान आणि दहावीचा हा पाठ यांच्यामध्ये हिवतापाचा दुवा तुम्ही जोडून द्या. समोर बसलेल्या मुलाला स्वतःच्या रक्ताचा इतिहास कळणे हा त्याचा हक्क आहे.