संजीवनी कोणाची?

कोपरगावच्या बेटात, गोदावरीच्या काठी, शुक्राचार्यांचं मंदिर आहे. इथे लग्न लावायला मुहूर्त पाहावा लागत नाही, असं मानतात. पण पंचक्रोशीला जास्त जवळची आहे ती मेलेल्याला उठवणाऱ्या त्यांच्या संजीवनी विद्येची कथा. साखर कारखान्याच्या जुन्या नावापासून इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत ‘संजीवनी’ तालुक्यात सगळीकडे भेटते.

तोच शब्द कबड्डीतही आहे. संजीवनी, गामिनी आणि अमर असे या खेळाचे जुने तीन प्रकार. गामिनीत बाद झालेला गडी लोण होईपर्यंत, म्हणजे सगळा संघ बाद होईपर्यंत, बाहेरच बसायचा. अमरमध्ये कोणी बाहेर जायचंच नाही, फक्त गुण मोजायचे. संजीवनीत गेलेला गडी पुन्हा उठतो, आणि आज जगभर खेळली जाते ती हीच. चढाईला आलेल्याची पकड झाली की तो बाद होतो आणि त्याच क्षणी पकड करणाऱ्या संघाचा बाहेर बसलेला एक गडी उठून आत येतो. बचावपटूच्या एकाच पकडीत एकाचं मरण असतं आणि दुसऱ्याचं जगणं. टाळ्या मात्र बहुतेक वेळा चढाईपटूच्या वाट्याला जातात.

या कामात आपल्या काळात सर्वांत मोठा झालेला माणूस इराणचा आहे. फझल अत्राचली, डावा कोपरारक्षक. मांडीला मिठी घातली की ती सुटत नाही, अशी त्याची ख्याती. 2015 मध्ये तो प्रो कबड्डीत यू मुंबाकडून उतरला आणि त्याच वर्षी संघ विजेता ठरला. पुढे तो यू मुंबाचा कर्णधार झाला. 2022 मध्ये पुणेरी पलटणने त्याच्यासाठी 1 कोटी 38 लाख रुपये मोजले आणि त्याच्या नेतृत्वाखाली अंतिम फेरी गाठली. पकडींचे 500 गुण पार करणारा प्रो कबड्डीतला पहिला बचावपटूही तोच.

आता महाभारताच्या आदिपर्वातला कच आठवावा. बृहस्पतीचा हा मुलगा देवांनी दानवांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे पाठवला तोच मुळी संजीवनी विद्या आणायला. दानवांनी त्याला मारलं, गुरूंनी उठवलं. पुन्हा मारलं, पुन्हा उठवलं. तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यात मिसळून खुद्द गुरूंनाच पाजली. कच पोटात जिवंत झाला; तो बाहेर येणार म्हणजे गुरू मरणार. तेव्हा शुक्राचार्यांनी त्याला पोटातच विद्या शिकवली. तो पोट फाडून बाहेर आला आणि सर्वांत आधी त्याने गुरूंना उठवलं.

भारतीय कबड्डीचं पोट फाटलं ते 2018 मध्ये, जकार्त्यात. 1990 पासून आशियाई स्पर्धेतली सलग सात सुवर्णपदकं जिंकलेल्या भारतीय पुरुषांना इराणने उपांत्य फेरीत 27-18 असं हरवलं. फझल त्या इराणी संघात होता, तर भारताच्या संघात महाराष्ट्राचा कोपरारक्षक गिरीश इर्नाक. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला 27-24 असं नमवलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. कोपरगावला येणारी गोदावरी नाशिकवरूनच येते. कथेत शिष्य गुरूच्या दारी आला होता; इथे गुरूच शिष्यांच्या देशात गेली, त्यांची भाषा शिकली, त्यांना प्राणायाम शिकवला.

मग हा द्रोह म्हणायचा का? हरलेल्या संघाच्या चाहत्याला तसं वाटणं स्वाभाविक आहे, आणि त्या दुःखाला हलकं लेखू नये. पण शुक्राचार्य पुढे काय करतात ते पाहण्यासारखं आहे. ते मद्याला दोष देतात आणि ब्राह्मणांना ते निषिद्ध ठरवतात. विद्या दिल्याबद्दल ते हळहळत नाहीत. उलट दानवांनाच मूर्ख म्हणतात आणि कच आता आपल्या बरोबरीचा झाला, असं सांगतात. दानवांचे गुरू असूनही त्यांनी विद्येला एका पक्षाची मालमत्ता मानलं नाही.

कबड्डीचा नियमही त्यांच्याच बाजूने आहे. संजीवनी दोन्ही अंगणांना सारखी लागू असते. एकाच बाजूचे गडी उठत राहिले आणि दुसरीकडचे बाहेर बसूनच राहिले, तर तो खेळ उरणार नाही. कच येण्यापूर्वी देव-दानवांचं युद्ध तसंच एकतर्फी झालं होतं. हुतुतू म्हणून आपल्या मातीत खेळला गेलेला हा खेळ जगाचा व्हायचा असेल, तर त्यात आपल्याला हरवू शकणारा कोणीतरी घडवावाच लागतो. फझलला मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, ते योग्यच केलं. शैलजा जैन यांनीही गुरूचाच धर्म पाळला.

2023 च्या आशियाई स्पर्धेत, हांगझोऊला, अंतिम सामन्यात पुन्हा भारत आणि इराण समोरासमोर आले. फझलच्या संघाला 33-29 असं हरवून भारताने सुवर्णपदक परत मिळवलं. आणि कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांबरोबर कचेश्वराचंही देऊळ आहे.