मुलांच्या खोलीतील खुंटी

मुलांच्या खोलीच्या भिंतीवर लाकडी खुंट्या बसवाव्यात आणि त्यांना हत्ती, मोर, पोपट अशी रूपे द्यावीत, हा विषय मासिकाच्या पानांत विचार करण्याजोगा आहे काय, असे आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील, तर त्यास दोष देता यावयाचा नाही. परंतु या क्षुल्लक वस्तूच्या आड एक जुना प्रश्न उभा आहे. शाळेतून आल्यावर दप्तर व सदरा जागच्या जागी ठेवणे हे मुलाचे कर्तव्य होय. ते त्याने कर्तव्य म्हणून करावे, की हत्तीच्या सोंडेला सदरा अडकविण्यात मौज वाटते म्हणून करावे? आणि मौजेखातर घडलेल्या कृत्यास सद्वर्तन म्हणावे काय?

प्रथम उंचीचा विचार करू. आमच्या जुन्या घरांतील खुंट्या बहुधा वडील माणसांच्या हाताच्या बेताने बसविलेल्या असत. मुलास स्वतःची खुंटी नसे. व्यवस्थितपणाची अपेक्षा मात्र त्याच्याकडून केली जाई. 1907 साली रोम शहरात माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह उघडले, तेथे सामान मुलांच्या मापाचे असावे असा त्यांचा आग्रह होता. तोच विचार पुढे गिजुभाई बधेका यांनी भावनगरास आणि ताराबाई मोडक यांनी 1945 पासून बोर्डीस रुजविला. ज्याचा हात खुंटीपर्यंत पोहोचत नाही, त्यास अव्यवस्थित म्हणणे हा अन्यायच होय. तेव्हा खुंटी मुलाच्या खांद्याच्या उंचीवर असावी, हे सोयीपुरतेच नव्हे, न्यायाचेही मागणे आहे.

आता शोभेचा प्रश्न. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने 1785 सालच्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले, की आवड म्हणून केलेल्या कृत्यास नैतिक मोल नाही. ते मोल कर्तव्यबुद्धीने केलेल्या कृत्यासच आहे. या मापाने मोजल्यास हत्तीची सोंड ही मुलास दिलेली लाचच ठरेल. उलट अॅरिस्टॉटलचे म्हणणे असे, की न्याय्य कृत्ये करीत गेल्यानेच मनुष्य न्यायी होतो. आणि योग्य गोष्टींत आनंद वाटण्याची सवय लहानपणापासून लागली पाहिजे, या प्लेटोच्या मताचा तो आधार घेतो. आम्हांस मुलांच्या बाबतीत हे दुसरे मत अधिक खरे वाटते. सदरा टांगल्याबद्दल खाऊ दिला, तर तो आनंद कृत्याच्या बाहेरचा. खाऊ बंद होताच टांगणेही बंद होईल. सोंडेवर सदरा अडकविण्याचा आनंद मात्र टांगण्याच्या कृत्यातच आहे. पहिली लाच होय. दुसरे शिक्षण होय.

यावर कोणी म्हणेल, की नवेपणा आठ दिवसांत ओसरतो. हा आक्षेप खोटा नाही. पाहुण्यांनी वाखाणावी म्हणून आणलेली, आणि मुलाची सोय खुंटीला टांगून भिंतीची शोभा वाढविणारी वस्तू लवकरच परकी होते. म्हणून ती घडविण्यात मुलाचाही वाटा असावा, असे आम्ही सुचवितो. हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे, हा 1937 सालच्या वर्धा परिषदेतील विचार घरातही लागू पडतो. करवत आणि पटाशी वडिलांनी चालवावी. कडा घासून गुळगुळीत करणे आणि रंग देणे मुलास सहज जमते.

या कामात लाकूड स्वतःच पुष्कळ शिकविते. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे व खेळणी प्रसिद्ध आहेत; त्यांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड चालते. खुंटीस मात्र भार सोसावा लागतो, म्हणून सागासारखे टणक लाकूड बरे. लाकडाच्या रेषा सोंडेच्या लांबीने गेल्या पाहिजेत. आडव्या गेल्यास सोंड दिसावयास सुंदर होईल, पण दप्तराच्या भाराने तुटेल. टोक किंचित वर उचललेले असावे, म्हणजे कपडा निसटत नाही. आणि ते बोथट व जाड असावे, कारण ते मुलाच्या डोळ्यांच्या जवळपासच येते. रंगात शिसे नसावे. शिसे मुलाच्या मेंदूस अपाय करते. घरगुती रंगांत ते दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने 2016 साली केला आहे. जी शोभा मुलास इजा करते, तीस शोभा म्हणणेच चूक.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? आमच्या मते कर्तव्यबुद्धी हे फळ आहे, बीज नव्हे. पाच वर्षांच्या मुलाकडे ती मागणे म्हणजे रोप लावताच फळ मागणे होय. त्यास पोहोचेल अशी, त्याच्या हाताने घासलेली, त्याचा भार सोसणारी खुंटी द्यावी, आणि ती एखादे दिवशी रिकामी राहिली तर रागावू नये. पुढे तो मोठा होईल, हत्तीचा रंग उडेल, सोंडेची मौजही उरणार नाही. आणि तरीही तो सदरा जागेवर ठेवू लागला, तर त्या दिवशी ते कृत्य कांटच्या मापासही उतरेल.