पडद्यावरचे तुकोबा आणि परदेशातले घर

परदेशात महाराष्ट्र मंडळ एखाद्या रविवारी थिएटर भाड्याने घेऊन संतपट दाखवते आणि मराठी घरे मुलाबाळांसह तिथे जमतात, तेव्हा ती करमणूक असते की भक्ती? माझ्या मते ती श्रवणभक्ती आहे. नवविधा भक्तीत श्रवण पहिले. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थही तिथूनच आरंभ करतात. श्रवणाला देऊळ लागत नाही, कथा लागते आणि एकत्र बसणारी माणसे लागतात. दादासाहेब फाळके ईस्टरच्या दिवसांत मुंबईत घरच्यांसह ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहायला गेले, तेव्हा पडद्यावर ख्रिस्त असताना त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. परक्या धर्माच्या कथेने त्यांची श्रद्धा जागी केली, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

कोणी म्हणेल, तिकीट काढून, लाह्या खात कसली भक्ती? पण कीर्तनकारही उत्तररंगात आख्यान रंगवतो, श्रोत्यांना हसवतो, बिदागी घेतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, पडद्यावर मात्र वेष घेतलेला नट असतो. हे मान्यच करायला हवे, म्हणून मी याला दर्शन म्हणत नाही. श्रवणाची कसोटी निराळी आहे. ऐकल्यावर मनन सुरू झाले की नाही, एवढेच तिथे पाहायचे.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ घ्या. दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६ चा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा नामात रंगलेले, आणि घरात खायला काही नाही म्हणून जिजाई विठोबावरच संतापलेली. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात, ती मागे राहते. परतीच्या गाडीत मूल विचारते, बायकामुलांना सोडून जाणारा माणूस चांगला कसा? हा उद्धटपणा नव्हे. संसार आणि परमार्थ यांचा जुना झगडाच त्याने नेमका पकडला आहे. देहूला असा प्रश्न कीर्तनकार बुवांकडे नेता येतो. परदेशात तो आईवडिलांवरच येतो, आणि त्यांनीही बहुधा तो कधी स्वतःला विचारलेला नसतो. उत्तर ठाऊक नसेल तर गाथा काढून मुलासोबत वाचायला बसावे. दुष्काळ, दिवाळे, अन्नावाचून गेलेली पहिली बायको, यांतले काहीही तुकोबांनी तिथे लपवलेले नाही.